आयपी फोन अधूनमधून का जातात? किनारपट्टीवरील कार्यालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पतसंस्था, काजू आणि आंबा प्रक्रिया कारखाने, मासळीची शीतगृहे, रिसॉर्ट आणि दवाखाने यांच्या कार्यालयांत टेबलावरचा फोन आता बहुधा आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून बोलणारा फोन असतो, आणि तो नेटवर्कच्या स्विचवरच, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवरच चालतो. असा फोन कायमचा बंद पडला तर कारण लवकर सापडते. तो आपोआप जातो आणि कोणी तपासायला येईपर्यंत आपोआप परत येतो, तेव्हा मात्र दोष फोनचा, स्विचचा की सेवा पुरवठादाराचा यावर वाद सुरू होतो. खालील प्रश्न अशाच बिघाडांविषयी आहेत.

तक्रार आली की सुरुवात कोठून करावी?

आधी तक्रारच नीट उलगडून घ्यावी, कारण ‘फोन बंद पडतो’ या एका वाक्याखाली तीन निरनिराळे बिघाड येतात. पहिल्यात फोनचा पडदा काळा होतो, कंपनीचे चिन्ह दिसते आणि फोन नव्याने सुरू होतो. दुसऱ्यात पडदा चालू असतो, घड्याळही चालते, पण फोनची सर्व्हरवरील नोंदणी गेलेली असते. तिसऱ्यात फोन लागतो, पण आवाज तुटतो किंवा एकाच बाजूला ऐकू येतो. पहिल्याचे मूळ बहुतेक वेळा वीज आणि केबल यांत असते, दुसऱ्याचे व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेले स्वतंत्र आभासी नेटवर्क), आयपी पत्ता किंवा राउटर यांत, आणि तिसऱ्याचे नेटवर्कवरील वाहतुकीच्या गर्दीत किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये.

फोनच्या मागच्या पोर्टला संगणक जोडलेला असेल तर ओळख आणखी सोपी होते. फोन गेला त्याच क्षणी संगणकाचेही नेटवर्क गेले, तर फोन रिस्टार्ट झाला आहे किंवा स्विचपर्यंतचा दुवा तुटला आहे. संगणकावर काम बिनदिक्कत चालू असून फोनची नोंदणी मात्र गेली, तर केबलच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये.

नोंदी कोणत्या ठेवाव्यात?

स्विचच्या लॉगमधील वेळ विश्वासार्ह असावी, ही पहिली अट आहे. अनेक स्विचांना वीज गेल्यावर वेळ लक्षात राहत नाही आणि एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा) सर्व्हर नेमून दिलेला नसेल तर लॉगमध्ये १९७० सालची तारीख दिसते; अशा लॉगवरून काहीही ताडून पाहता येत नाही. एनटीपी आणि +५:३० हा भारतीय कालविभाग दोन्ही भरावेत. लॉग स्विचच्या तात्पुरत्या स्मृतीत असेल तर स्विच रिस्टार्ट होताच तो पुसला जातो, म्हणून तो एखाद्या संगणकावर किंवा नॅसवर (नेटवर्कवरील साठवणपेटीवर) पाठवण्याची सोय करावी.

त्याच्या जोडीला स्वागतकक्षात एक साधी वही ठेवावी. त्या वहीत वेळ, फोनचा विस्तार (एक्स्टेन्शन) क्रमांक, वीज होती की इन्व्हर्टर चालू होता, आणि पाऊस होता का, एवढेच लिहावे. ही वही स्विचच्या लॉगशेजारी ठेवून वाचली की बऱ्याच वेळा बिघाडाची वेळ कशाशी जुळते ते दिसते, आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडात शोधायचे असते ते हेच. शेवटी संबंधित पोर्टचे काउंटर शून्यावर आणून दुसऱ्या दिवशी पाहावेत. लिंक वारंवार वरखाली झाली असेल तर केबल, जोड किंवा वीज यांचा संशय घ्यावा. सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत असतील तर केबल किंवा डुप्लेक्स (दोन्ही टोके एकाच वेळी बोलू शकतात की आळीपाळीने, ही सेटिंग). दोन्ही आकडे स्वच्छ असतील तर वरच्या थरांकडे, म्हणजे व्हीलॅन, आयपी पत्ता आणि राउटर यांकडे वळावे.

आमचे काही फोन रोज तिन्हीसांजेच्या सुमारास रिस्टार्ट होतात. यामागे काय असू शकते?

त्याच स्विचवर सीसीटीव्ही कॅमेरे असतील तर प्रथम त्यांच्याकडे पाहावे. अंधारू लागले की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येक कॅमेऱ्याची वीज एकदम वाढते आणि केबलमधून वीज पुरवणाऱ्या, म्हणजेच पीओई स्विचची एकूण क्षमता ओलांडली जाते. अशा वेळी स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टांची वीज तोडतो, आणि प्राधान्य कोणी ठरवलेलेच नसेल तर बहुतेक स्विचांवर मोठ्या क्रमांकाच्या पोर्टांवर गदा येते. फोन त्या पोर्टांवर असतील तर तेच जातात. आषाढात भरदुपारी आभाळ दाटून आले की कॅमेरे दिवसाही रात्रीच्या मोडवर जातात. त्यामुळे हाच बिघाड पावसाळ्यात अवेळी दिसतो आणि दोष विनाकारण पावसाच्या पाण्याला दिला जातो.

हिशेब साधा आहे. २००३च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विच एका पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो आणि केबलमधील घट वजा जाता उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात, २००९च्या ८०२.३एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. २४ पोर्टांच्या स्विचने प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट द्यायचे म्हटले तर सुमारे ३७० वॅट लागतील, पण बाजारातील अनेक २४ पोर्टी स्विच त्याच्या निम्म्याच्या आसपासच देऊ शकतात. पोर्टांची संख्या पाहून खरेदी होते, वॅट कोणी पाहत नाही. काही स्विच प्रत्यक्ष वापर न पाहता उपकरणाच्या वर्गानुसार वीज राखून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात वीज शिल्लक असतानाही नव्या फोनला नकार मिळतो.

उपाय दोन आहेत. फोनच्या पोर्टांना पीओईचे प्राधान्य वरचे द्यावे आणि कॅमेऱ्यांना प्राधान्य खालचे द्यावे, हा तात्पुरता उपाय झाला. कॅमेऱ्यांना स्वतंत्र पीओई स्विच देणे हा कायमचा उपाय, आणि तो परवडत असेल तर पहिल्यावर विसंबून राहू नये.

इन्व्हर्टर असूनही वीज जाताच सगळे फोन जातात. असे का?

घरगुती इन्व्हर्टरला विजेवरून बॅटरीवर जाण्यास संगणकाच्या यूपीएसपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पंखा आणि दिवा यांना तो कळत नाही, पण स्विच तेवढ्यात रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असेल तर ती त्या स्थितीत आहे का हे पाहावे. साध्या मोडवर तो व्होल्टेज बरेच खाली येईपर्यंत वाट पाहतो. स्विचसाठी लहानसा वेगळा यूपीएस घेणे केव्हाही चांगले.

राउटर, फायबरचा ओएनटी (फायबर जेथे येऊन संपते ती पेटी) आणि फोनचा सर्व्हर हेही त्याच यूपीएसवर हवेत. स्विच चालू राहिला पण राउटर गेला, तर फोनचे दिवे लागलेले दिसतात आणि एकही फोन लागत नाही. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळत असे, तशी सोय येथे नाही, हे दवाखान्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

आमचा त्रास जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळीनंतर थांबतो. हवामानाचा संबंध खरोखरच असतो का?

असतो. किनाऱ्यालगतच्या हवेतील मीठ ओलावा ओढून घेते आणि धातूवर खारट पाण्याचा अतिशय पातळ थर धरतो. पीओई चालू असलेल्या जोडावर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब सतत असतो, त्यामुळे तेथील गंजण्याची क्रिया साध्या डेटा केबलपेक्षा जलद होते. बंदराजवळच्या किंवा शीतगृहाच्या कार्यालयातील भिंतीवरचा जॅक उघडून टॉर्चखाली धरला तर हे डोळ्यांना दिसते: आठांपैकी काही सोनेरी तारा स्वच्छ असतात आणि वीज वाहणाऱ्या तारांच्या बाकावर, प्लग जेथे टेकतो नेमके तेथेच, हिरवट पांढरी पूड साचलेली असते. मागच्या बाजूला, तार पंच केलेल्या खाचेत, तांबे काळपट पडलेले असते. असा जोड प्लग हलवला की तात्पुरता सुधारतो, कारण घासला गेल्याने थर थोडा निघतो. पुढच्या दमट सकाळी तो पुन्हा रुसतो.

वातानुकूलित खोलीला हा धोका नाही, असा समज आहे. दिवसभर गार झालेल्या रॅकवर संध्याकाळी एसी बंद करून दारे-खिडक्या उघडल्या की बाहेरच्या दमट हवेतील पाणी त्या थंड धातूवर दवासारखे जमते. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला ओल येत असेल तर त्या भिंतीत बसवलेला जॅक पावसाळाभर ओल्या बोळक्यात राहतो.

गंजलेला जॅक आणि प्लग साफ करत बसण्यापेक्षा बदलून टाकावा. नवे घेताना संपर्कबिंदूंवर ५० मायक्रोइंच सोन्याचा मुलामा असलेले घ्यावेत. फरक किमतीत थोडा आणि टिकण्यात बराच असतो. ओल येणाऱ्या भिंतीवर जॅक भिंतीत न गाडता उंचावर, पृष्ठभागावरच्या बंद डबीत बसवावा. बाहेरून आत येणाऱ्या केबलला भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकून जाते. पीओई चालू असताना प्लग उगाच काढघाल करू नये, कारण प्रत्येक वेळी संपर्कबिंदूवर बारीक ठिणगी पडून मुलामा झिजतो. साफ करणे भागच असेल तर पोर्टची वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. गंज धरू नये म्हणून खोबरेल तेलाचे बोट फिरवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बिजागऱ्यांपुरतीच ठेवावी.

केबल नवी आहे, तरी लिंक तुटते. केबलचा दोष कसा ओळखावा?

केबलच्या खोक्यावर किंवा वेष्टनावर सीसीए असे छापलेले असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा जास्त असतो, लांब अंतरावर व्होल्टेज पडते, आणि फोनचा पडदा उजळला किंवा स्पीकर चालू केला की फोन रिस्टार्ट होतो. शिवाय ॲल्युमिनियम वाकवल्यावर लवकर तुटते आणि खाऱ्या हवेत तांब्याशी असलेल्या जोडापाशी लवकर खराब होते. कोकणात ही केबल वापरूच नये, असे स्पष्ट मत आहे.

अंतराची मर्यादा १०० मीटर आहे, त्यात दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरलेल्या असतात. आठ तारांपैकी एक सैल असेल तर गिगाबिटची लिंक १०० मेगाबिटवर उतरते किंवा सतत वरखाली होते. स्विचवर इतर फोन गिगाबिटवर आणि एकच १०० वर दिसत असेल तर त्या केबलचे दोन्ही क्रिंप (टोकांना दाबून बसवलेले प्लग) आधी पाहावेत. साधा दिव्यांचा टेस्टर केवळ तारा जुळतात की नाही एवढेच सांगतो. गंजलेला जोड त्यात उत्तीर्ण होऊ शकतो. छपरातील केबल असेल तर उंदीर आणि घुशी यांच्या दातखुणाही शोधाव्यात.

गोदामातील फोन वारा सुटला की जातो. केबल माडाला बांधून नेलेली आहे. हे चालेल का?

चालणार नाही. माड वाऱ्यात हलतो, केबलवर ताण येतो, आतली तार थकते, आणि झावळी पडली की राहिलेले काम पुरे होते. आतल्या वापरासाठीच्या केबलचे वेष्टन उन्हाने तडकते आणि पावसाचे पाणी केबलच्या आतून वाहत थेट स्विचच्या पोर्टपर्यंत पोहोचू शकते. त्याहून मोठा धोका विजेचा आहे. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजांमुळे, त्या थेट न पडताही, दोन इमारतींमधील तांब्याच्या तारेत मोठा दाब निर्माण होतो. दोन्ही इमारतींचे अर्थिंग वेगळे असेल तर तो स्विचमधून वाट काढतो. असा धक्का खाल्लेला पोर्ट लगेच मरतोच असे नाही, पुष्कळदा तो अर्धमेला होऊन पुढे महिनोन् महिने अधूनमधून दगा देतो.

दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाकावी, तीही धातूची तार नसलेली, आणि पलीकडे लहान पीओई स्विच बसवावा. कातळावरच्या इमारतींनी अर्थिंगही तपासून घ्यावे; उन्हाळ्यात कातळ कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो आणि वळिवाच्या पहिल्याच विजेला संरक्षण तोकडे पडते.

फोन चालू असतो, पण रिस्टार्टनंतर कधी नोंदणी होते, कधी होत नाही. का?

फोनचा आयपी पत्ता दोन्ही वेळी पाहावा. पत्ता वेगवेगळ्या मालिकेतील असेल तर फोन कधी आवाजाच्या व्हीलॅनमध्ये आणि कधी संगणकांच्या व्हीलॅनमध्ये जात आहे. कोणत्या व्हीलॅनमध्ये जायचे हे फोनला स्विचकडून एलएलडीपी संदेशाद्वारे कळते. मध्ये टेबलाखाली एखादा साधा पाच पोर्टी स्विच असेल तर तो संदेश पुढे जातोच असे नाही. मानकाप्रमाणे वागणारा स्विच हे संदेश पुढे पाठवत नाही, आणि न पाळणारा पाठवतो. टेबलाखालचा तो स्विच काढणे हाच खरा उपाय आहे. ते शक्य नसेल तर फोनमध्ये व्हीलॅन क्रमांक हाताने भरावा आणि तो स्विच व्हीलॅनचे टॅग न काढता पुढे पाठवतो याची खात्री करावी.

दुसरे कारण स्पॅनिंग ट्रीचे, म्हणजे नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणाऱ्या स्विचच्या पद्धतीचे. पोर्टला एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट ही सेटिंग दिलेली नसेल तर लिंक आल्यावर स्विच १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो. या ३० सेकंदांत फोन आयपी पत्ता मागून थकतो. काही फोन पुन्हा मागतात, काही तसेच बसून राहतात. ज्यावर फोन किंवा संगणक आहे अशा प्रत्येक पोर्टला ही सेटिंग द्यावी आणि सोबत बीपीडीयू गार्डही (स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की पोर्ट बंद करणारी सोय) लावावा. स्विच ते स्विच जोडणाऱ्या पोर्टला मात्र ती देऊ नये.

पोर्ट सिक्युरिटी, म्हणजे पोर्टवरील उपकरणांवर मर्यादा घालणारी सोय, लावली असेल तर एका पोर्टवर किती मॅक पत्ते (उपकरणांचे हार्डवेअर पत्ते) चालतील, तेही पाहावे. फोन आणि त्यामागचा संगणक मिळून किमान दोन लागतात, आणि फोनचा पत्ता दोन्ही व्हीलॅनमध्ये दिसल्यास तीन.

सगळे कार्यालय एकदम ठप्प होते आणि एक फोन काढला की सुरू होते. हे कसले लक्षण?

कोणी तरी साफसफाई करताना फोनच्या दोन्ही पोर्टांच्या वायरी भिंतीतील दोन जॅकमध्ये खोचल्या आहेत. त्यामुळे नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होते आणि संदेश त्यातच फिरत राहतात. वर सांगितलेला बीपीडीयू गार्ड असा पोर्ट सहसा स्वतःहून बंद करतो. नंतर तो हाताने पुन्हा चालू करावा लागतो, हे विसरू नये.

हंगामातच काही फोनना आयपी पत्ता मिळत नाही, असे का होते?

आंब्याच्या हंगामात कारखान्यात किंवा मे महिन्यात रिसॉर्टमध्ये माणसे वाढतात, त्यांचे मोबाइल वाय-फायवर येतात, आणि फोन त्याच आयपी मालिकेत असतील तर मालिका संपते. फोनना स्वतंत्र व्हीलॅन आणि स्वतंत्र मालिका द्यावी. कोणी घरून आणलेला वाय-फाय राउटर लॅन पोर्टने जोडला असेल तर तोही पत्ते वाटू लागतो; स्विचवरील डीएचसीपी स्नूपिंग ही सोय असे पत्ते अडवते.

बाहेर फोन लागतो, पण काही वेळाने बाहेरून येणारे फोन येईनासे होतात. स्विच दोषी आहे का?

बहुधा नाही. फोनचा सर्व्हर इंटरनेटवर असेल तर राउटर त्या फोनसाठी उघडलेली वाट काही काळच लक्षात ठेवतो. यूडीपीसाठी (फोनचे संदेश सहसा याच पद्धतीने जातात) ही मुदत काही राउटरांवर ३० सेकंदांइतकी कमी असते आणि फोनची नोंदणी मात्र अनेकदा तासाभरासाठी असते, म्हणून मधल्या काळात येणारा फोन दारातच अडतो. फोनमधील कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवण्यासाठी ठरावीक अंतराने जाणारा छोटा संदेश) चालू करून त्याचे अंतर त्या मुदतीपेक्षा कमी ठेवावे. फोनच्या संदेशांत फेरफार करणारी राउटरमधील सिप एएलजी ही सोय बंद करून पाहावी. मदतीसाठी बनवलेली ही सोय अनेक राउटरांवर त्रासच देते. एकाच बाजूचा आवाज ऐकू येण्यामागेही बऱ्याच वेळा तीच असते.

आवाज तुटतो, पण फोन जात नाही. काय करावे?

जी.७११ कोडेकवरील (आवाजाचे डेटात रूपांतर करण्याची एक पद्धत) एका संभाषणाला इथरनेटवर प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात, म्हणजे दहा संभाषणांना एक मेगाबिटही लागत नाही. त्यामुळे लाइन मोठी करून हा प्रश्न सहसा सुटत नाही. कोणी फोटोंचा किंवा कॅमेऱ्याच्या चित्रणाचा गठ्ठा वर पाठवू लागला की मोठी लाइनही तेवढ्यापुरती भरते. आवाजाच्या पॅकेटवर प्राधान्य सांगणारी डीएससीपी ४६ आणि नोंदणीच्या पॅकेटवर २४ ही खूण असावी, स्विचने ती मान्य करावी, आणि विशेषतः राउटरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूस तिला प्राधान्य मिळावे. शेवटची अट पाळली नाही तर आधीच्या दोन्ही व्यर्थ जातात. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज चालते.

फोनच्या पोर्टचा वेग हाताने ठरवून दिला तर लिंक स्थिर राहील का?

उलट बिघडेल. स्विचवर १०० फुल ठरवले आणि फोन ऑटोवर राहिला तर फोन हाफ डुप्लेक्स धरतो आणि गर्दी वाढली की त्रुटी सुरू होतात. दोन्ही बाजू ऑटोवरच ठेवाव्यात. ऊर्जा वाचवणारे ८०२.३एझेड मात्र काही फोनशी जुळत नाही. त्या पोर्टवर ते बंद करून पाहण्यास हरकत नाही.

पुरात भिजलेला स्विच वाळवून वापरावा का?

वापरू नये. २२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणमधील तळमजले पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात गाळही असतो आणि तो सर्किटवर राहून पुढे ओलावा धरतो. वाळवलेला स्विच चालू झाला तरी कोणता पोर्ट केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. नवा रॅक शक्यतो पहिल्या मजल्यावर, निदान माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवावा.

स्विच बदलण्याचा निर्णय केव्हा घ्यावा, आणि पुरवठादाराला काय कळवावे?

संशयित फोन त्याच्या केबलसह स्विचच्या दुसऱ्या पोर्टवर हलवावा, त्या पोर्टची व्हीलॅन आणि पीओईची सेटिंग सारखी आहे याची खात्री करून. बिघाड फोनसोबत गेला तर केबल किंवा फोन, जुन्या पोर्टवरच राहिला तर स्विच. मग त्याच केबलवर दुसरा फोन लावून उरलेल्या दोहोंत निवाडा करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि नेहमी ज्या अंतराने बिघाड येतो, त्याहून अधिक काळ थांबावे. त्याआधी निष्कर्ष काढल्यास योगायोगालाच उपाय समजले जाते. एकाच वेळी फर्मवेअर, केबल आणि राउटर बदलणाऱ्या तंत्रज्ञाला हे नम्रपणे सांगावे.

पुरवठादाराकडे तक्रार करताना बिघाडाच्या किमान तीन अचूक वेळा, फोनचा मॅक पत्ता, पोर्ट क्रमांक, त्या वेळचा स्विचचा लॉग आणि संगणकाचे नेटवर्क चालू होते की नाही, एवढे लिहून द्यावे. आवाजाची तक्रार असेल तर त्या पोर्टचे मिररिंग करून (तेथील वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर वळवून) वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घेतलेले एका खराब संभाषणाचे रेकॉर्डिंग सोबत जोडावे. ग्राहकांची संभाषणे त्यात ऐकता येतात, म्हणून ते केवळ चाचणीच्या फोनवरचेच घ्यावे आणि काम झाले की पुसून टाकावे.